उजवीकडचा ठिपका

सगळ्यांत आधी कळलं ते माशीला. निदान रुखमाबाईला तसं वाटलं. मुलाला, धनराजला, कळायचा प्रश्नच नव्हता. तो घुग्घुसच्या खाणीतून पाळी करून यायचा तेव्हा डोळ्यांत इतका कोळसा असायचा की आपल्या आईला नाक आहे एवढं दिसलं तरी पुष्कळ. सून उर्वशी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण, नजर घारीची, पण तिनंही आजवर काही विचारलं नव्हतं. आणि त्या माशीनं, जी ना शिकलेली ना घरातली, बरोबर ओळखलं. रुखमाबाई चंद्रपुरात, तुकूमच्या वस्तीत, मुलाच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात, पंख्याखाली सूप घेऊन लाखोळीची डाळ निवडत बसली होती. चैताची दुपार, खिडकीला ओला पडदा, रस्त्यावर कुत्रंही नाही. कुठून तरी एक माशी आली आणि तिच्या नाकावर बसली. आता त्या नाकावर गोंदणाचे ठिपके तीन होते, एका ओळीत: मधे एक, डाव्या अंगाला एक, उजव्या अंगाला एक, तिन्ही हिरवे, तिन्ही मोहरीएवढे. माशी उजवीकडच्यावर बसली. रुखमाबाईनं हाकलली. माशी उठली, एक गिरकी घेतली, मधल्या ठिपक्यावरून चालत गेली, तिथं थांबली नाही, आणि पुन्हा उजवीकडच्यावर जाऊन पाय चोळू लागली. जशी काही तिची तिथं सोयरीक जमली होती.

"आई," समोर वह्या तपासत बसलेली उर्वशी म्हणाली, "ही एकाच ठिकानी काऊन बसून राह्यली?"

गुळाचा हात लागला असेल, असं रुखमाबाई म्हणाली. घरात चार दिवसांपासून गूळ नव्हता आणि ते दोघींनाही माहीत होतं. उर्वशीनं चष्मा काढला, ओढणीनं पुसला, पुन्हा लावला. वर्गात कॉपी करणारं पोर सापडलं की ती आधी चष्मा पुसते, असं धनराज हसत सांगायचा. मग ती एवढंच म्हणाली की संध्याकाळी डॉक्टर तहसीन मॅडमकडे जाऊन येऊ, तपासणीची तारीख तशीही टळून गेली आहे. रुखमाबाईनं सूप पाखडलं. दाणे उडून फरशीवर गेले आणि खडा सुपातच राहिला.

ऑटोत बसल्यावर तिनं पदर नाकापर्यंत ओढला. वारा भट्टीतून आल्यासारखा होता. तोंडातल्या तोंडात एक ओवी आली. ती काही आणावी लागत नसे. धानाच्या बांधीत गुडघाभर चिखलात वाकून रोपांचं रोवणं रोवण्यात ज्या बाईचा जन्म गेला, तिला ओवी ढेकरेसारखी येते, कुठंही, चारचौघांतसुद्धा.

नाकाच्या शेंड्यावर पाव्हणा येऊन बसला
पाट नाई मांडला, तरी लाजला ना रुसला

पहिल्या वेळीही पाहुणा असाच आला होता, न कळवता. दोन पावसाळ्यांमागं, रोवण्याच्या दिवसांत नाकाच्या शेंड्यावर एक काळी, चकचकीत पुटकुळी उठली. रुखमाबाईला वाटलं कुसळ रुतलं. नवऱ्याला वाटलं मस. मस असेल तर घोड्याचा केस करकचून बांधला की आपोआप गळून पडतो, हे त्याचं ज्ञान. गावात घोडा नव्हता म्हणून त्यानं म्हशीचा केस आणला, आणि नाकाच्या शेंड्याला केस बांधायचा तर गाठ कुठं मारायची यावर नवराबायकोची अर्धी सकाळ गेली. शेवटी केस नाकात गेला आणि म्हैस उगाच दुखावली. मग पुटकुळी फुटायची, खपली धरायची, पुन्हा फुटायची. उर्वशीनं सुट्टीत पाहिलं आणि सासूला सरळ चंद्रपूरला आणलं. तहसीन मॅडमनी तुकडा काढून तपासायला दिला आणि सांगितलं, हा कातडीचा कॅन्सर आहे. हा जीव घेत बसत नाही सहसा, पण खातो. वरून तीळ दिसतो आणि खालून हरळीसारखा पसरत जातो, नाक खाईल, डोळ्याकडे जाईल. हरळी म्हटल्यावर रुखमाबाईला एकदम सगळं समजलं. कॅन्सर या शब्दानं जे झालं नव्हतं ते हरळी या शब्दानं झालं.

मॅडमनी पाठवलं त्या हैदराबादच्या मोठ्या दवाखान्यातला डॉक्टर मात्र हरळी काढणारा होता, हे तिनं पहिल्या तासातच ओळखलं. तो एकदम खोल कापत नव्हता. नाक बधिर करायचा, कांद्याच्या पापुद्र्याएवढा थर काढायचा, पट्टी लावून तिला बाहेर बसवायचा, आणि आत जाऊन भिंगाखाली पाहायचा की कडेला कुठं मूळ राहिलं का. राहिलं असेल तिथलाच आणखी एक पापुद्रा. बाहेरच्या बाकावर सगळी अशीच मंडळी, कुणाच्या नाकाला पट्टी, कुणाच्या कानाला, कुणाच्या ओठाला. जणू दंडारीच्या खेळातली सोंगं अर्धीमुर्धी रंगवून रंगवणारा चहा प्यायला निघून गेला. डॉक्टर दार उघडून यायचा आणि म्हणायचा, "अम्मा, बस थोड़ा सा और." दोनदा म्हणाला. तिसऱ्यांदा आला तेव्हा हात झटकून 'साफ' असं म्हणाला. शंभरात नव्व्याण्णव जणांना हा परत येत नाही, असंही म्हणाला. रुखमाबाईनं उर्वशीमार्फत विचारलं की मग तो एक कोण असतो? डॉक्टर खूप हसला. नर्सही हसली.

त्याच डॉक्टरनं आधी नवऱ्याचं नाव विचारलं होतं. रुखमाबाई नवऱ्याचं नाव घेत नाही. ते तिच्या डाव्या हातावर, मनगटाच्या वर, गोंदलेलं आहे, मुखरू असं, लग्नाच्या पुढच्याच जत्रेत. कुणी विचारलं की ती बांगड्या वर सरकवते आणि हात पुढं करते, ज्याला वाचता येईल त्यानं वाचावं. डॉक्टरनं हात घेतला, उलटा केला, सुलटा केला, दाबून पाहिला, आणि इथं काही दुखतं का म्हणून विचारलं. उर्वशीला हसू आवरेना. तिनं सांगितलं तेव्हा डॉक्टर त्या अक्षरांकडे बराच वेळ पाहत राहिला. आमच्याकडे अम्मा नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नाहीत, पण हातावरही लिहीत नाहीत, असं काहीसं तो म्हणाला.

तीन पापुद्रे काढल्यावर नाकाच्या शेंड्यावर खड्डा उरला. तो भरायला कपाळाची कातडी घ्यायची, पण तोडून नाही. भुवईजवळ जोडलेली ठेवून खाली वळवायची, म्हणजे ती जगते, आणि नाकाला रुजली की मग मधला देठ कापायचा. रोप असंच लावतात. त्यामुळं ते रुखमाबाईला पटलं, पण दिसायला कसं दिसेल हे कुणी सांगितलं नव्हतं. तीन आठवडे तिच्या कपाळातून नाकावर सोंड लोंबत होती. दवाखान्याजवळच्या लॉजमध्ये उर्वशी रजा टाकून तिच्यासोबत राहिली, सोंडेची पट्टी बदलत, नळीनं ताक पाजत, रात्री कुशीवर वळू नये म्हणून तिच्या डोक्याशी हात ठेवून झोपत. मुखरूभाऊ गाडीनं भेटायला आले, दारात थबकले, आणि आधी हात जोडले. मग म्हणाले, बाकी सगळं जमलं, आता उंदीर तेवढा पाह्यजे. रुखमाबाईला हसायची मनाई होती. टाके ओढत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती हसत होती. इतकं दुखतंय आणि इतकं बरं वाटतंय, हे एकाच वेळी कसं, हे तिला आजही उमगलेलं नाही.

आणि कपाळावरचा ठिपका नाकावर आला. तो तिच्या मायनं टोचून घेतला होता, ती परकरी पोर असताना. गोंदणारीण म्हणाली होती, सोनंनाणं सारं इथंच राहते पोरी, सोबत जाते ते हेच. माय गेली, घर गेलं, ठिपका राहिला, कुंकवाच्या वरच्या अंगाला. आता तो नाकाच्या मधोमध येऊन बसला. गावातल्या बाया बघायला आल्या. एकीनं बोट लावून पाहिलं, दुसरीनं विचारलं की आता कुंकू कुठी लावशीन. रुखमाबाई म्हणाली, माहं नशीब कपारातून खाली उतरलं, म्या तरी काय करू. सगळ्यांत नवल हे होतं की नाकाला हात लावला की तिला कपाळाला लावल्यासारखं वाटायचं. कातडीला आपण घर बदललं हे कळलंच नव्हतं. डास नाकावर बसला की ती कपाळावर चापट मारायची. डास हसत उडून जात असावा.

म्हणूनच दिवाळीनंतर एका सकाळी तोंड धुताना जेव्हा नाकाला पंचा लागला आणि नाकालाच लागल्यासारखं वाटलं, तेव्हा ती आरशापाशी गेली. जिथं कपाळाची कातडी संपते आणि जुनं नाक सुरू होतं, त्या शिवणीत उजवीकडे एक काळा कण होता. चकचकीत. पंच्यावर रक्ताचा एक थेंब. ती त्याच्याकडे पाहत राहिली आणि तोही तिच्याकडे. ओळख पटायला वेळ लागला नाही. शंभर बाया एका ओळीत रोवायला उतरल्या तर जळू एकीलाच लागते, आणि ती कुणाला लागणार हे बांधीत पाय टाकेपर्यंत कळत नाही. तिनं पंचा धुतला. सांगायचं, असं ठरवलं. मग उर्वशीच्या शाळेत तपासणी होती, म्हणून नंतर सांगू. मग धनराजला ताप आला, म्हणून नंतर. मग तिच्या लक्षात आलं की ती कारणं शोधत नाही, ती कारणांची वाट पाहते, आणि ती बरोबर वेळेवर येतात. सांगितलं की पुन्हा हैदराबाद, पुन्हा सोंड, पुन्हा उर्वशीची रजा, पुन्हा ती पोर डोक्याशी हात ठेवून बसल्या बसल्या झोपणार. नाही सांगितलं तर? हरळी. रोज अंघोळीच्या वेळी ती कडी लावून दोन्ही गोष्टी तोलायची आणि पाणी गार होऊन जायचं.

महाशिवरात्रीला मार्कंड्याची जत्रा भरली तेव्हा ती गावाकडे होती. महादेवाचं दर्शन झालं, गर्दीतून बाहेर आली, आणि झाडाखाली गोंदणारीण दिसली. आताची गोंदणारीण म्हणजे पूर्वीसारखी काजळी आणि सुयांची नव्हे. हिच्याकडे बॅटरीवरची मशीन, गुर्रगुर्र करणारी, आणि मोबाइलवर लावलेलं गाणं. रुखमाबाई थबकली आणि तिला ती युक्ती सुचली. सुचली तेव्हा इतकी सोपी वाटली की आजवर कुणाला कशी सुचली नाही याचंच नवल वाटलं. काळा कण लपवायचा कुठं? ठिपक्यात. तिनं दोन ठिपके मागितले: एक कपाळावर, मायच्या ठिपक्याची जागा मोकळी झाली होती तिथं, आणि एक नाकावर, इथं, या कणाच्या डोक्यावर. गोंदणारीण म्हणाली, दोन घेतले तर तिसरा फुकट. नको म्हणायच्या आत तिनं नाकाच्या डावीकडेही एक टोचून दिला, म्हणाली, एकाच बाजूला बरं नाई दिसत बाई, जोडी पाह्यजे. घरी आल्यावर मुखरूभाऊंनी चार ठिपके मोजले, पुन्हा मोजले, आणि विचारलं की अजून काही यायचे राह्यले का. चंद्रपूरला परतल्यावर उर्वशी मात्र चिडली. डॉक्टरनं उन्हापासून जपायला सांगितलं होतं आणि तुमी त्याच नाकावर सुया टोचून आल्या? रुखमाबाईनं महादेवाचा नवस होता असं सांगितलं. महादेवाला विचारायला कुणी गेलं नाही.

तहसीन मॅडमचा दवाखाना एका मेडिकलच्या वर होता. मॅडम इथल्याच, वडिलांचं चपलांचं दुकान होतं बाजारात, त्यामुळं बोलायला आडपडदा नाही. रुखमाबाई खुर्चीत बसली. मॅडमनी उजेडाचं भिंग नाकाला टेकवलं. डावीकडे गेल्या, मधे आल्या, उजवीकडे गेल्या, पुन्हा मधे. भिंगाआडून त्यांचा श्वास रुखमाबाईच्या ओठाला लागत होता, इलायचीचा. बराच वेळ झाला. मग मॅडम मागं सरकल्या आणि हे काय करून आल्या म्हणून विचारलं. उर्वशीनं नवसाचं सांगितलं. सांगताना ती सासूकडे पाहत नव्हती. मॅडमनी कपाळाला हात लावला, स्वतःच्या. म्हणाल्या, शाईखाली काय आहे ते भिंगातून धड दिसत नाही. उजवीकडचा मला जरा उंच लागतो, पण मधल्याच्या कडेलाही काळं दिसतं, ते जुनं गोंदण आहे का दुसरं काही, सांगता येत नाही. ऑपरेशननंतर पंधरा महिन्यांत परत आला असेल तर लवकर धरलेला बरा. तिन्हींतून तुकडा घ्यावा लागेल.

"मधल्याले हात नोको लावू, माय," रुखमाबाई म्हणाली.

मग कुठल्याला लावू ते तुमी सांगा, असं मॅडम म्हणाल्या. त्यांनी हे मुद्दाम विचारलं की सहज, ते कळलं नाही. परत आलाच असेल, तर यावेळी कातडं कुठून आणणार, एवढं रुखमाबाईनं विचारून घेतलं, कपाळ तर संपलं. मॅडम म्हणाल्या, लहान असला तर बाजूचंच ओढून शिवतील, नाहीतर कानामागून घेतील, नाहीतर हातावरून. हातावरून म्हटल्यावर तिला आपला डावा हात दिसला, आणि नवऱ्याचं नाव एकेक अक्षर करत नाकावर चढताना दिसलं, आधी मु, मग ख. जन्मभर तोंडातून न काढलेलं नाव तोंडाच्या वर दोन बोटांवर येऊन बसणार, आणि म्हाताऱ्याचे पाय मग जमिनीवर राहणार नाहीत; गावभर सांगत फिरेल की बायकोनं आपल्याला कुठं बसवलं ते पाहा. या विचारानं तिला हसू फुटलं, आणि हसू अर्ध्यात असताना भीती आली. गेले इतके महिने ती भीतीला दारात उभी ठेवून होती, आज ती सरळ आत आली, पायसुद्धा न धुता. नाक जाईल. डोळा जाईल. मधला ठिपका, मायचा, तो तर हरळी आधी खाईल, मॅडमच्या सुरीच्याही आधी. लपवून लपवून आपण त्याच्याच शेजारी चोर आणून बसवला.

तिनं बोट उचललं.

"हा मधला माह्या मायचा," ती म्हणाली. "हा डावा त्या जत्रेतल्या बाईचा, फुकटचा. आन् हा उजवा," तिनं बोट टेकवलं, "हा माहा."

मॅडमनी कधीपासून म्हणून विचारलं. दिवाळीपासून, असं तिनं सांगितलं. सांगताना तिला वाटलं की आता उर्वशी बोलेल, आणि जे बोलेल ते ऐकून घ्यायचं, मधे तोंड घालायचं नाही. उर्वशीनं चष्मा काढला, आणि यावेळी पुसलाही नाही, नुसता हातात धरून बसली. चष्म्याशिवाय ती फार लहान दिसायची.

"उशीच्या खोळीले डाग लागला होता," उर्वशी म्हणाली, "दोनदा. म्या धुवून टाकली. मले वाटलं, तुमच्या ध्यानात नसन आलं, आन् म्या सांगितलं तं तुमी घाबरसान. लेकरांची परीक्षा झाली की नेतो, म्हटलं."

रुखमाबाई तिच्याकडे बघत राहिली. म्हणजे एकाच घरात, एकाच पंख्याखाली, ही तिकडून झाकत होती आणि आपण इकडून, आणि दोघींच्या मधे तो काळा कण आरामात बसून दोन्हीकडचं जेवत होता. तिला राग आला. तो कुणावर हे ठरवायच्या आत निघूनही गेला. एक ओवी येऊ पाहत होती, पोटातून वर, पण तिचा पुढचा चरण सुचला नाही.

सून माही गुणाची, तिच्या कपारी आठी

एवढंच आलं आणि थांबलं. शाळेत सांगून सोमवारपासून रजा घेते, असं उर्वशी कुणाला तरी सांगत होती, मॅडमला का स्वतःलाच. मॅडम म्हणाल्या, आधी तुकडा तर जाऊ द्या तपासायला, हैदराबादला मी स्वतः फोन करते. मग त्यांनी पेनानं उजव्या ठिपक्याभोवती गोल काढला, डावा आणि मधला सोडून, नाक कापसानं पुसलं, आणि बधिर करायची सुई भरली. थोडं टोचेल, हलू नका, असं सांगितलं. उर्वशी उठून जवळ आली आणि तिनं सासूच्या डोक्याशी हात ठेवला. सुई नाकाजवळ आली, थंडगार, स्पिरिटचा वास आत गेला, आणि रुखमाबाईला शिंक आली. एकच, मोठी, बांधीच्या पलीकडे ऐकू जाईल अशी.

मॅडमची सुई हवेत थांबली. शिंक झाल्यावर कोणतंही काम लगेच सुरू करायचं नसतं, थोडं थांबायचं असतं. चपलांच्या दुकानातून निघून, मोठ्या शहरात डॉक्टरकी शिकून आलेल्या मॅडमचा हात आपणहून मागं आला आणि मांडीवर विसावला. उर्वशीचा हात डोक्यावर तसाच होता. वर्गात शकुन अपशकुन खोटे असतात म्हणून शिकवणारी ती, पण तीही थांबली. खालून मेडिकलवाल्याचं शटर अर्धं ओढल्याचा आवाज आला. तिघी जणी वाट पाहत राहिल्या, जे काय आडवं आलं होतं ते निघून जाईपर्यंत. आणि ते गेलं की नाही हे ठरवायचं काम आपल्याकडेच आहे, हे रुखमाबाईला हळूहळू कळलं. तिनं पदरानं नाक पुसलं, मॅडमनी काढलेला गोल जपून, आणि मान मागं टेकवली.

"गेली," ती म्हणाली. "टोच आता, माय."